डोळ्याच्या डॉक्टरांनी मासा विचारला

बान वांगसाई, ची नदीचा काठ
२१ जानेवारी

बुनलोम, आणि बुनलोमच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या नदीकाठच्या सगळ्या पोरांनो,

गावाकडचं पत्र तैवानच्या त्या खोलीत एकट्याचं राहत नाही, मोठ्याने वाचलं जातं, असं तुमच्यातल्या प्रायातची आई सांगत होती. मग सगळ्यांनाच सांगते. गाऱ्हाणं तुमचं आहे तसं माझंही आहे. बँकॉकच्या गिरणीत मी अर्धं आयुष्य काढलं. युनियनच्या फळीवर उभी राहून मी बोलायला लागले की मागून कोणीतरी हमखास म्हणायचं, 'आल्या कच्चा मासा खाणाऱ्या बाई.' तुमचा मुकादमही नाक मुरडतो म्हणे. तो अपमान आपण गिळतो, कारण याहून वाईट गोष्टी गिळायची आपल्याला सवय आहे.

पण माझा खरा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. आपल्यातल्या कोणाच्या घरचा माणूस पिवळा पडून गेला नाही? आधी अंगाला खाज, मग डोळे हळदीसारखे, मग पोट नगाऱ्यासारखं. ज्याच्या घरात हे झालं नाही त्याने हे पत्र बाजूला ठेवावं. कोणी ठेवणार नाही, मला माहीत आहे. आणि इतक्या वर्षांत आपल्याला काय मिळालं? दारूच्या दुकानावर लटकवलेली पाटी, तिच्यावर लाल फुली मारलेला मासा. चूक तुमचीच आहे असं सांगणारे पुष्कळ भेटले. ती चूक आत जाऊन नेमकं काय करते, ते बोट धरून दाखवणारा कोणी भेटला नाही. आपल्याला अडाणी म्हणून मरायला सोडलं, आणि आपण त्यावर प्रारब्ध म्हणून सही केली.

आता बाकीच्यांनी जेवायला बसा. पुढचं बुनलोमसाठी आहे.

बुनलोम, तू नंबर बदललास. फोन न उचलणं सोपं असतं. पत्र फाडायचं तरी पाकिटावरचं अक्षर वाचावं लागतं, म्हणून लिहिते आहे. दादाच्या डोळ्याला काहीतरी झालंय. सिथोनदादाचं नाव दिसलं की कागदाची घडी घालशील, तर घालू नकोस.

उजवा डोळा पुढे येतोय. लाल नाही, पू नाही, पाणीही फारसं नाही. आतून कोणी अंगठ्याने ढकलावं तसा पुढे येतोय. वहिनीला वाटलं गांधीलमाशी चावली. थोंगलुनकाकांनी पान चघळून त्यावर फुंकर घातली, मंत्र म्हटला, आणि उरलेलं पान दादाच्या नव्या शर्टावर थुंकून टाकलं. डोळा तसाच, शर्ट मात्र गेला.

दादाला त्याची मजाच वाटते आहे. त्याला एकाचे दोन दिसतात. परवा जाळं टाकायला गेला आणि परत येऊन मला म्हणाला, "मलीवान, आज नदीत दोन नावा होत्या, दोन्ही माझ्या. श्रीमंत झालो बघ."

"आणि मासे?"

"मासे एकाचा एकच. ते लबाड असतात."

मी त्याला शहराच्या मोठ्या इस्पितळात घेऊन जाते आहे.

तुझी ताई,
मलीवान


१८ फेब्रुवारी

बुनलोम,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, बोलायला मला समोरून टाळ्या लागत नाहीत.

इस्पितळातलं सांगते, कारण ते मला अजून पचलेलं नाही. आधी सगळ्यांना वाटलं गळ्यातल्या ग्रंथीचं काहीतरी असेल. रक्त तपासलं, तसं काही नाही. मग डोक्याचा फोटो काढला. डोळ्याच्या खोबणीत, डोळ्यामागे, एक गाठ बसलेली. तिचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा निकाल घ्यायला आम्ही गेलो तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरबाई कागद बघत होत्या. बाई तरुण आहेत, दक्षिणेकडच्या, आपली बोली कळायला त्यांना जरा वेळ लागतो. कागद ठेवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काका, तुम्ही कच्चा मासा खाता का?"

पडद्याच्या पलीकडे रांगेतली माणसं हसली. दादाही हसला. "डॉक्टरबाई, मी डोळा दाखवायला आलोय. मासा दाखवायचा असता तर टोपली घेऊन आलो असतो."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "डोळ्यामागे जे सापडलंय ते डोळ्याचं नाही."

"मग कोणाचं?"

"तुमच्या यकृतात पित्ताच्या नळ्या असतात. त्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी आहेत या. कर्करोगाच्या."

मी गिरणीमालकांना उभे-आडवे प्रश्न विचारलेले आहेत, पण त्या क्षणी माझ्या तोंडून एकच शब्द निघाला: "कशा?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, ते तुम्हाला कळायचं नाही. त्यांनी दादाच्या चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढलं. यकृत, त्यातून झाडाच्या फांद्यांसारख्या नळ्या, त्या नळ्यांत चपटे जंत. काकडीच्या बीएवढे, पानासारखे. ते वर्षानुवर्षं तिथे चिकटतात, चावे घेतात, जखम भरते, पुन्हा चावतात. भरता भरता एखाद्या दिवशी अस्तर आपली जात विसरतं. मग त्यातली एखादी पेशी सुटते, रक्तात पडते आणि निघते. बहुतेक जवळच कुठेतरी थांबतात. फुप्फुसात, हाडात. डोळ्यापर्यंत फारच थोड्या जातात. बाईंनीही पुस्तकातच वाचलं होतं. कच्च्या माशाचा प्रश्न त्यांच्या मनात आला, कारण आपला हा पट्टा त्या रोगाचं माहेर आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"इतक्या लांब कशाला गेली?" मी विचारलं.

उत्तर दादाने दिलं.

"वांगसाईचं कोण घरी राहिलंय, मले? तू बँकॉकला, बुनलोम तैवानला. हीसुद्धा गेली काम शोधत."

तेव्हा मात्र बाई हसल्या, आणि मग चष्मा काढून पुसत बसल्या.

पोटाचाही फोटो काढला. गाठ तिथेच जन्मली आहे, यकृताच्या डाव्या भागात, आणि दादाला तिने एक दिवस दुखवलं नाही. खाज नाही, पिवळेपणा नाही. आपण सगळे आयुष्यभर डोळ्यांत पिवळा रंग शोधत बसलो. रोगाने डोळाच गाठला, पण रंग आणला नाही.

कापण्याची वेळ निघून गेली आहे. डोळ्याला किरणांचा शेक देणार आहेत, म्हणजे दुखणं कमी होईल आणि डोळा थोडा मागे सरकेल. बाईंनी त्याच्या तोंडावर सांगितलं, दादाने सांगायला लावलं. पुढच्या भातकापणीपर्यंत तो नसेल.

आणि एक. घरी येताना बसमध्ये त्याने मला विचारलं, "हा जंत माणसात किती वर्षं जगतो?" मी म्हटलं, वाचून सांगते. मी वाचलं. वीस वर्षं, पंचवीस वर्षं. नवा मासा खाल्ला नाही तरी आतला जगत राहतो. मी हे सांगितल्यापासून तो गप्प आहे. स्वतःच्या मरणाचं ऐकून गप्प झाला नाही, आणि हे ऐकून झाला. का, ते मला अजून कळलेलं नाही.

मलीवान


११ मार्च

बुनलोम,

तुझं पत्र आलं. दोन ओळी. 'त्याला सांग, मी सांगितलं होतं. मी खात नाही, मला काही झालेलं नाही.'

वाचून दाखवू का, म्हणून मी त्याला विचारलं. तो म्हणाला, दाखव. मी वाचलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "खरंय. त्याने सांगितलं होतं."

बाबांच्या मयतीला मी पोहोचले तेव्हा तू निघून गेला होतास, त्यामुळे मला तो प्रसंग गावाच्या तोंडूनच माहीत आहे, आणि गावाला तोंडं पुष्कळ. सगळ्यांचं एवढं जुळतं: मंडपात पुरुषांसाठी कच्च्या माशाची कॉय कालवून ठेवली होती. बारीक चिरलेला मासा, लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाची भरड, पुदिना, वर लाल मुंग्या, सगळी दादाच्या हातची. तू त्या परातीला लाथ मारलीस. म्हणालास, "यानेच बाबा मेले, आणि तुम्ही तेच खायला बसलात." आणि दादाने शंभर माणसांसमोर तुझ्या थोबाडीत मारली. बापाच्या मयतीचं ताट लाथाडणाऱ्याला त्याने दुसरं काय करायचं होतं, असं गाव अजून म्हणतं. मी गावाशी भांडले आहे, तुझ्या बाजूने. ते तुला कधी कळवलं नाही, कारण तू कळवू देत नव्हतास.

पण तुझ्या दुसऱ्या ओळीशीही मी भांडणार आहे. 'मी खात नाही, मला काही झालेलं नाही.' पहिलं वाक्य खरं असेल. दुसरं त्याच्यातून निघत नाही. मला काही झालेलं नाही, असं दादाही काल-परवापर्यंत म्हणत होता. त्याच्याकडे तर गोळी होती. सणाला खायचं आणि सण सरला की औषधाच्या दुकानातून जंताची गोळी घ्यायची. सगळा गाव असंच करतो. पाप करायचं आणि देवळात जायचं. गोळी जंत मारते, त्यात खोटं काही नाही. पण चावलेली जागा ती परत देत नाही. मग पुन्हा खा, पुन्हा गोळी, पुन्हा नवी जखम जुनीच्या शेजारी.

तू हुशार आहेस. तेव्हाही होतास. हुशार माणसाचा धोका वेगळा असतो. त्याचं एक म्हणणं खरं निघालं की पुढचं सगळं तो तपासल्याशिवाय खरं धरतो.

मलीवान


१९ एप्रिल

बुनलोम, आणि आता पुन्हा सगळ्यांनी ऐका, हे सगळ्यांसाठी आहे.

नव्या वर्षाचा सण, सोंगक्रान, झाला. गाव भरलं होतं, बँकॉकहून, चोनबुरीहून, सगळीकडून गाड्या. पाणी उडवणं, म्हाताऱ्यांच्या हातावर सुगंधी पाणी घालणं, आणि तिसऱ्या दिवशी नदीकाठी पुरुषांची कॉय. वर्षभरात कच्चा मासा सगळ्यात जास्त याच दिवसांत पोटात जातो.

शेक घेऊन दादाचा डोळा थोडा मागे सरकला आहे, पण त्याने दिसत नाही. वर कापडाची पट्टी बांधतो. सणाच्या आधी तो आरोग्यकेंद्रात गेला आणि निपाला म्हणाला, "पोरी, मला तो जंत बघायचाय. चित्रात नाही. खरा."

निपा आपल्या फूथोंगची मुलगी, इथेच नर्स आहे. ती म्हणाली, "काका, आता बघून काय करणार?"

"ज्याने मला मारलं त्याचं तोंड बघू नको?"

तिने शाळेतून सूक्ष्मदर्शक मागून आणला. सणाच्या तिसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात टेबल मांडलं. दादाने सकाळी स्वतःच्या जाळ्यातले पांढऱ्या खवल्यांचे मासे आणले आणि स्वतःच्या हाताने कॉय केली. बुनलोम, तुला त्याचा हात माहीत आहे. अख्ख्या तालुक्यात तशी कोणी करत नाही. वासाने म्हातारे गोळा झाले. मासा लिंबात पांढराफेक पडला.

थोंगलुनकाका म्हणाले, "हे बघ, झाला की पांढरा. म्हणजे शिजला. आगीने शिजव नाहीतर लिंबाने, मासा पांढरा झाला म्हणजे शिजला. एवढं तर माझ्या आजीलाही कळत होतं."

"तुमची आजी कशाने गेली, काका?" मी विचारलं.

"म्हातारपणाने."

"आणि आजोबा?"

"आजोबा पिवळे होऊन गेले."

निपाने त्या पांढऱ्या पडलेल्या माशाचा एक कण दोन काचांमध्ये दाबला आणि काच यंत्राखाली सरकवली. बघून ती बाजूला झाली. दादा पुढे वाकला. बघायला डावा डोळा लावला आणि खूश होऊन म्हणाला, "अरे, हे तर माझ्यासाठीच केलंय. इथे दोन डोळ्यांच्या माणसाला एक मिटावा लागतो."

त्याची वहिनीने शिवलेली पट्टी आणि पितळी नळीवर टेकलेलं कपाळ, एवढंच मला दिसत होतं.

"काय दिसतंय?" कोणीतरी विचारलं.

"गोल पिशवी आहे. बारीक अंड्यासारखी. आत एक जण झोपलाय." मग म्हणाला, "नाही, झोपला नाही. कूस बदलतोय."

"लिंबात?"

"लिंबाची त्याला काही पडलेली नाही."

काकांनी खिशातली भाताच्या दारूची बाटली काढली. "यात बुडव."

निपाने दुसरा कण दारूत भिजवला. आम्ही थांबलो. काकांनी उरलेल्या दारूवर झाकण लावलं, वाया जायला नको म्हणून. नवी काच लागली. दादाने बघितलं.

"काय म्हणतो?"

"मस्त आहे. तुमच्यापेक्षा चांगली पचवतो, काका."

सगळे हसले, पण कोणी जागचं हललं नाही. एकेक जण वाकून बघायला लागला. ज्यांनी शाळेत कधी त्या यंत्राला हात लावला नव्हता असे म्हातारे एक डोळा मिटून बघत होते आणि मागच्याला सांगत होते, डावीकडे बघ, हलतोय. मुंग्या घातलेला कण पाहिला. मिरचीतला पाहिला. प्रत्येकात तो आपली कूस बदलत होता. शेवटी निपाने एक मासा चुलीवर ठेवला, वाफ येऊन काटा सुटेपर्यंत उकळला, आणि त्याचा कण लावला. दादाने बघितलं.

"आता?"

"आता गप्प आहे," दादा म्हणाला.

मी आयुष्यभर भाषणं केली. चौकात, फाटकापुढे, पोलिसांच्या गाडीवर चढून. एवढ्या माणसांचं मत इतक्या थोड्या शब्दांत बदललेलं मी पाहिलं नाही. लाज घातल्याने माणूस शिकत नाही, तो लपून खायला लागतो. त्याला बघू द्यावं लागतं. हेच मला त्या पाट्या रंगवणाऱ्यांना सांगायचं होतं.

कॉय तशीच राहिली. थोंगलुनकाका परातीकडे बघत म्हणाले, "वास मात्र झकास सुटलाय रे." मग तेच उठले आणि ती सगळी कढईत ओतून त्यांनी परतली. मंडपात बसून सगळ्यांनी चिकट भाताबरोबर खाल्ली. चव गेली, असं सगळे म्हणाले. खाल्ली मात्र सगळी.

मलीवान


२६ मे

बुनलोम,

पोटाची सोनोग्राफी करणारी गाडी देवळात आली होती. दादाने गावाच्या भोंग्यावरून स्वतः पुकारा केला, म्हणून रांग कुंपणाबाहेर गेली. भोंगा रोज सकाळी मीच चालवते, पण त्या दिवशी मला हात लावू दिला नाही. म्हणाला, "तू लांबवतेस."

मीही झोपले. काही खाऊन जायचं नसतं. पोटावर गार, बुळबुळीत लेप लावतात, वरून यंत्र फिरवतात आणि म्हणतात, श्वास आत घ्या, धरा. मग सोडा म्हणतात. त्या धरलेल्या श्वासात आपलं यकृत खाली सरकतं आणि काळ्या-पांढऱ्या पडद्यावर दिसतं, म्हणाले. मला वाटलं होतं भीती वाटेल. नवलच वाटलं. इतकी वर्षं जे माझ्याबरोबर चाललं त्याचं तोंड मी पहिल्यांदा बघत होते. माझ्या नळ्यांच्या भिंती जाड झाल्या आहेत. गाठ नाही. दर सहा महिन्यांनी या, म्हणाले. प्रायातच्या बापाच्या यकृतात मात्र एक बारीक सावली निघाली. त्याला काही होत नव्हतं, तो फक्त शेजाऱ्याला सोबत म्हणून आला होता. बारीक आहे, कापता येईल. पुढच्या आठवड्यात कापणार आहेत. प्रायात, तुझ्या आईने तुला फोनवर सांगितलं असेलच. रडू नकोस, ही चांगली बातमी आहे.

दादा आता अंथरुणातच असतो. पोट भरून येतं, जेवण जात नाही. डोळ्याचं दुखणं गोळ्यांनी थांबलं आहे. पण तो शुद्धीत आहे, आणि काल त्याने मला ते सांगितलं, जे बसमधल्या त्या प्रश्नाच्या मागे होतं.

तू लहान होतास. शाळेत जायलाही लागला नव्हतास. बाबा कॉय खायचे तेव्हा आई तुला उचलून न्यायची, लेकराला कच्चं नको म्हणून. एकदा आई माहेरी गेली होती. दादा तेव्हा मिसरूड फुटलेला, गडी झालेला. त्याने तुला मांडीवर घेतलं, चिकट भाताच्या गोळ्यात कच्चा मासा दाबला आणि तुझ्या तोंडात घातला. तू थुंकलास. तो म्हणाला, "पुरुष आहेस ना?" मग तू गिळलास. त्यानंतर नदीकाठी गेलास की तू त्याच्याच मांडीवर बसून खायचास, आणि तो सगळ्यांना दाखवायचा, बघा माझा भाऊ.

"मी त्याला थोबाडीत मारली त्याचं मला तेवढं काही नाही, मले," तो म्हणाला. "ती लागली आणि गेली. तो घास गेला नसेल."

मी म्हटलं, बोलावते त्याला.

तो म्हणाला, "येऊन काय करेल? मला बघेल. मला बघून त्याच्या पोटातलं दिसणार आहे का?"

तुला वाचायला हे जड जाईल. पण मी तुझ्यासाठी गोड करून लिहिणार नाही. तू गोड केलेलं ओळखतोस.

ताई


१७ जून

बुनलोम,

दादा गेला. सोमवारी सकाळी, वहिनी त्याचे पाय पुसत असताना. त्रास झाला नाही. दहन काल झालं.

तुला आधी कळवायचं नाही असं त्यानेच ठरवलं होतं. प्रायातकरवी निरोप देता आला असता. दादा म्हणाला, नको. तो विमानात बसेल, येईल, मंडपात पुन्हा कोणाशी भांडेल, आणि रडून परत जाईल, आणि जे करायचं ते राहून जाईल. मी त्याच्याशी वाद घातला. हरले. आयुष्यात पहिल्यांदा.

मंडपात मासा होता. मयतीला मासा नाही असं आपल्याकडे कधी होत नाही. केळीच्या पानात बांधून वाफवला होता. बाहेरगावाहून आलेल्या एका पाहुण्याने पान उघडलं आणि नाक मुरडलं. "मयतीत शिजलेला मासा? घर बुडालं की काय यांचं?"

त्याच वेळी भोंगा वाजला. मी वाजवला. दादाने मे महिन्यातच माझ्याकडून स्वतःचा आवाज भरून घेतला होता आणि केव्हा लावायचा तेही सांगितलं होतं. सगळ्या गावावर त्याचा तो घोगरा आवाज पसरला: "मंडळी, मी सिथोन. माझ्या मयतीला आलात, बरं वाटलं. ताटातला मासा शिजलेला आहे. चव कमी वाटली तर मिरची मागा, तुमची वहिनी देईल. घरी जाऊन कोणी लिंबू पिळून कच्चा खाल्लात तर लक्षात ठेवा, आता मला दोन्ही डोळ्यांनी दिसतं." मग थोडी खरखर झाली, आणि पुन्हा तोच: "बुनलोम त्या दिवशी बरोबर बोलला होता. ज्यांनी ज्यांनी ऐकलं होतं त्यांनी हेही ऐका."

शंभर माणसांसमोर मारलं होतं. परतही शंभर माणसांसमोरच घेतलं. कुठे काय करायचं असतं, ते त्याला कळत होतं.

थोंगलुनकाकांनी पहिला घास घेतला आणि पाहुण्याला म्हणाले, "खा रे. मेलेला खा म्हणतोय तर जिवंताने नाटकं करू नयेत."

आता ऐक. येऊ नकोस. अस्थी नदीत गेल्या. शंभराव्या दिवसाचं पुण्यकर्म भातकापणीच्या आधी आहे, तेव्हा यायचं तर ये, वहिनीने तुझ्यासाठी खोली झाडून ठेवली आहे. पण त्याच्या आधी मला एकच गोष्ट हवी आहे. माझ्यासाठी नाही. मेलेल्या माणसाने सांगितलेलं काम आहे, आणि ते पोहोचवायचं माझ्याकडे दिलंय.

तुझ्याजवळ तिथलं इस्पितळाचं कार्ड आहे. प्रायातच्या आईकडून मला ठाऊक आहे की शनिवारी तुम्हाला सुट्टी असते आणि बसथांब्यापलीकडच्या इस्पितळात शनिवारी सकाळी सोनोग्राफी होते. मी पूर्णपणे मानते की तू कच्चं खात नाहीस. मी पूर्णपणे मानते की तुला काही होत नाही. दादालाही होत नव्हतं. प्रायातच्या बापालाही होत नव्हतं, तो आज पोटावर टाके घेऊन खाटेवर बसून वहिनीच्या हातची पेज मागतो आहे.

येत्या शनिवारी ऊठ. काही खाऊ नकोस. खोलीतल्या सगळ्यांना बरोबर घे, प्रायातला आधी. खिडकीवर गेलास की सांग, मी ची नदीच्या काठचा आहे, माझ्या यकृतातल्या पित्ताच्या नळ्या बघा. त्यांनी नदी कुठली विचारलं तर नकाशावर बोट ठेव. शर्ट वर कर. लेप गार लागेल. मग बाई किंवा बाबा जे कोणी असतील ते त्यांच्या भाषेत म्हणतील, श्वास आत घ्या, धरा.

धर, बुनलोम.